रोडगे

रोडगे (एकवचन: रोडगा) हा गव्हाच्या जाडसर पिठाचे थर एकात एक बसवून केलेला आणि शेणाच्या गोवऱ्यांच्या विस्तवात सावकाश भाजलेला विदर्भातील पारंपरिक खाद्यपदार्थ आहे. यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम व बुलढाणा या वऱ्हाडातील जिल्ह्यांत तो विशेष प्रचलित आहे. तुरीचे वरण, वांग्याची रसदार भाजी आणि साजूक तूप यांच्यासह तो खाल्ला जातो. नवस फेडणे, मारुतीच्या देवळातील पंगत, शेतातील सामुदायिक जेवण अशा प्रसंगी उघड्यावर रोडगे भाजण्याची रीत आहे. अलीकडे शहरी घरांत गोवऱ्या मिळेनाशा झाल्याने विजेच्या ओव्हनमध्येही रोडगे केले जातात. दोन्ही पद्धतींत पदार्थाचे यश एकाच गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे ज्वाळेऐवजी मंद, स्थिर आणि सर्व बाजूंनी सारखी मिळणारी उष्णता.

नाव आणि जुने उल्लेख

'रोडगा' हा शब्द मराठीत जुना आहे. सोळाव्या शतकातील संत एकनाथांच्या भवानीआईला उद्देशून असलेल्या प्रसिद्ध भारुडात सासुरवाशीण देवीला रोडग्याचा नवस बोलते. त्यावरून रोडगा हा नवसाचा नैवेद्य असल्याची कल्पना त्या काळी श्रोत्यांच्या परिचयाची होती, हे स्पष्ट होते. भारुडातील अध्यात्मपर रूपक बाजूला ठेवले तरी त्या काळच्या लोकजीवनातील एका पदार्थाची नोंद म्हणून हा उल्लेख महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रात सर्वत्र रोडग्याचे स्वरूप सारखे नाही. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचे भरीत व रोडगा यांचा नैवेद्य दाखवतात. हा रोडगा बहुधा बाजरीचा असतो आणि जाड भाकरीच्या जवळ जातो. विदर्भातील रोडगा मात्र गव्हाचा, गोल आणि आतून पदर सुटणारा असतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकाराचे वर्णन आहे.

विदर्भातच 'पानगे' हा जवळचा पदार्थ आहे. त्यात कणकेचा जाड चपटा गोळा पळसाच्या पानांत ठेवून विस्तवात भाजतात. काही गावांत पानगे व रोडगे ही दोन्ही नावे एकाच पदार्थासाठी वापरली जातात.

स्थानिक पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्हा हा मुख्यतः कोरडवाहू शेतीचा प्रदेश आहे. कापूस, तूर आणि ज्वारी ही येथील जुनी पिके होत. रोजच्या जेवणात ज्वारीची भाकर असे. गव्हाचे पदार्थ सणासुदीला व पाहुण्यांसाठी केले जात. गव्हाचे रोडगे हे त्यामुळे रोजचे अन्न नसून प्रसंगाचे अन्न होते.

या पदार्थाला लागणाऱ्या बहुतेक वस्तू शेतकऱ्याच्या घरी किंवा शिवारात उपलब्ध असत. वरणासाठी तूर, भाजीसाठी वांगी, जळणासाठी गोठ्यातील शेणाच्या गोवऱ्या, पेटवणासाठी पऱ्हाट्या व तुराट्या आणि पत्रावळींसाठी पळसाची पाने. तवा, पोळपाट, चूल यांपैकी काहीही न लागता पन्नास किंवा शंभर माणसांचे जेवण शेतात सिद्ध करता येणे, हे या पदार्थाचे मोठे वैशिष्ट्य होय.

साहित्य

सुमारे बारा मध्यम आकाराच्या रोडग्यांसाठी पुढील प्रमाण घेतात:

* गव्हाचे जाडसर दळलेले पीठ – १ किलो
* तेल – सुमारे १२० मिलिलिटर (निम्मे मोहनासाठी, निम्मे थरांना लावण्यासाठी)
* मीठ – २ चहाचे चमचे
* ओवा – १ चहाचा चमचा
* पाणी – सुमारे ४५० ते ५०० मिलिलिटर, पिठाच्या जातीनुसार कमीअधिक
* वाढताना साजूक तूप

पीठ पोळीच्या पिठापेक्षा जाड हवे. बारीक पिठाचा रोडगा चिवट होतो. काही घरांत खुसखुशीतपणासाठी थोडा रवा मिसळतात, तर काही ठिकाणी चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. सोड्याशिवायही रोडगा चांगला होतो, कारण त्याचा हलकेपणा फुगण्यावर नव्हे, तर थरांवर अवलंबून असतो.

रोडगा वळण्याची कृती

पिठात मीठ, ओवा व कडकडीत तापवलेल्या तेलाचे मोहन घालून ते चोळून घेतात. मुठीत दाबल्यावर पिठाचा मुटका टिकला म्हणजे मोहन पुरेसे झाले असे समजतात. त्यानंतर थोडे थोडे पाणी घालून घट्ट कणीक मळतात व ती अर्धा तास झाकून ठेवतात.

एका रोडग्यासाठी साधारण १३० ग्रॅम कणीक लागते. तिचे चार भाग करतात. तीन लहान भागांच्या हातानेच जाडसर पुऱ्या थापून प्रत्येकीला तेल लावतात आणि त्या एकमेकींवर ठेवून त्यांचा गोळा करतात. चौथ्या, थोड्या मोठ्या भागाची पारी करून तिच्यात हा गोळा बसवतात, तोंड बंद करतात आणि दोन्ही तळहातांमध्ये फिरवून लिंबासारखा गोल, किंचित चपटा आकार देतात.

थरांमधील तेलाचे काम चवीपुरते नाही. तेलामुळे कणकेचे पदर परस्परांना चिकटत नाहीत. भाजताना कणकेतील पाण्याची वाफ या पदरांमधून पसरते आणि आतील भाग शिजतो. थर न देता एकाच गोळ्याचा रोडगा केला, तर तो मध्यभागी गच्च राहण्याची शक्यता अधिक असते.

गोवऱ्यांत भाजण्याची पद्धत

मोकळ्या, वाऱ्यापासून आडोसा असलेल्या जागी जमीन साफ करून उथळ खड्डा करतात किंवा सपाट जमिनीवरच गोवऱ्या रचतात. गोवऱ्या पूर्ण वाळलेल्या असणे आवश्यक असते. ओलसर गोवरी धुमसते आणि तिच्या धुराचा वास रोडग्याला लागतो. पेटवणासाठी पऱ्हाट्या व तुराट्या वापरतात. त्या भडकन पेटतात व लवकर विझतात. म्हणून त्या केवळ आग लावण्यापुरत्या उपयोगी पडतात, भाजण्यासाठी नव्हे.

भाजण्याचे तीन टप्पे मानता येतात.

पहिला टप्पा वाट पाहण्याचा असतो. गोवऱ्या पेटल्यावर ज्वाळा व धूर पूर्ण ओसरेपर्यंत रोडगे टाकत नाहीत. गोवरी लालबुंद होऊन तिच्यावर राखेचा पांढुरका पापुद्रा आला म्हणजे विस्तव तयार झाला असे समजतात.

दुसऱ्या टप्प्यात विस्तव पसरून त्यावर रोडगे मांडतात आणि चिमट्याने सतत फिरवत राहतात. साधारण वीस मिनिटांत सर्व बाजूंनी तांबूस कवच धरते.

तिसऱ्या टप्प्यात विस्तव एका बाजूला सारून मध्ये रोडगे ठेवतात व त्यांवर गरम राख आणि फुटलेले निखारे पसरतात. या अवस्थेत ते अर्धा ते पाऊण तास न हलवता राहू देतात. राख ही उष्णतेची मंद वाहक असल्याने ती एकीकडे निखाऱ्यांची प्रखर धग थेट लागू देत नाही आणि दुसरीकडे आतील उष्णता बाहेर जाऊ देत नाही. रोडगा खऱ्या अर्थाने शिजतो तो या टप्प्यात.

भाजलेल्या रोडग्याला भेगा पडतात, तो हाताला हलका लागतो आणि टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येतो. मग तो बाहेर काढून जाड फडक्यात घेऊन झटकतात, म्हणजे चिकटलेली राख निघून जाते. टोपल्यात कापड अंथरून त्यात रोडगे झाकून ठेवतात. दहा मिनिटांच्या या विश्रांतीत कवच किंचित मऊ पडते.

कच्चा रोडगा: कारण व उपाय

रोडग्यातील सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे बाहेरून करपलेला व आतून कच्चा रोडगा. त्याचे कारण बहुतेक वेळा घाई हे असते. कणीक उष्णता हळूहळू आत नेते. आतील भागात पाणी शिल्लक असेपर्यंत तेथील तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर जात नाही. पृष्ठभाग मात्र कोरडा होताच झपाट्याने तापतो, तांबूस होतो व नंतर जळतो. आच वाढवल्याने त्यामुळे आतील भाग लवकर शिजत नाही. केवळ कवच लवकर जळते.

आकाराचाही परिणाम मोठा असतो. सारख्याच आकृतीच्या गोळ्याची जाडी दुप्पट केली, तर उष्णता मध्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणून एका वेळी भाजायचे सर्व रोडगे एकाच मापाचे वळतात. नवख्या माणसाने लहान रोडगे करणे सोयीचे ठरते.

घरातील ओव्हनमध्ये रोडगे

नागपूर, पुणे, मुंबई येथे किंवा परदेशात राहणाऱ्या वैदर्भीय कुटुंबांत घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये रोडगे केले जातात. ओव्हनमध्ये गोवऱ्यांच्या तीन टप्प्यांची नक्कल तापमान बदलून करता येते.

* ओव्हन खालची व वरची अशा दोन्ही कांड्या चालू ठेवून २०० अंश सेल्सियसवर १५ मिनिटे आधी तापवावा.
* रोडगे एकमेकांपासून दोन बोटे अंतर ठेवून जाळीवर मांडावेत. बंद ताटलीवर ठेवल्यास खालची बाजू आधी करपते.
* पहिली १५ मिनिटे २०० अंशांवर भाजावे. या काळात कवच धरते.
* त्यानंतर तापमान १६० ते १७० अंशांपर्यंत कमी करून ४० ते ४५ मिनिटे भाजावे. मध्ये एकदा रोडगे उलटावेत.
* शेवटी ओव्हन बंद करून १० मिनिटे रोडगे आतच राहू द्यावेत व मग कापडात गुंडाळून ठेवावेत.

ही वेळ १३० ग्रॅम वजनाच्या रोडग्यासाठी आहे. प्रत्येक ओव्हनची उष्णता थोडी वेगळी असल्याने पहिल्या खेपेला एक रोडगा फोडून पाहणे उचित. स्वयंपाकाचा तापमापक उपलब्ध असल्यास रोडग्याच्या मध्यभागी सुमारे ९५ अंश सेल्सियस तापमान आल्यावर तो पूर्ण शिजला असे समजावे. केवळ सूक्ष्मलहरींवर चालणारा ओव्हन या कामाचा नाही. त्यात कणीक शिजते, पण कवच येत नाही आणि थंड होताच रोडगा दगडासारखा कडक होतो.

ओव्हनमधील हवा कोरडी असते, तर राखेखाली वाफ कोंडलेली राहते. हा फरक कमी करण्यासाठी दुसऱ्या टप्प्यात रोडगे केळीच्या किंवा पळसाच्या ओल्या पानांनी झाकतात. धुराच्या गंधासाठी धुंगार देण्याची पद्धतही वापरता येते. भाजलेले रोडगे मोठ्या पातेल्यात ठेवून मध्ये वाटीत पेटता कोळसा ठेवावा, त्यावर चमचाभर तूप सोडावे आणि पातेले पाच मिनिटे झाकावे. कोळशाचा धूर विषारी असल्याने हे काम खिडक्या उघड्या ठेवून करावे.

ओव्हन नसल्यास गॅसवरील तंदूर, जाड बुडाची कढई किंवा शिट्टी व रबरी कडी काढलेला कुकर यांचाही उपयोग केला जातो. या साधनांत उष्णता मुख्यतः खालून येत असल्याने रोडगे अधिक वेळा फिरवावे लागतात.

वाढण्याची रीत

रोडगा सुरीने कापत नाहीत; दोन्ही हातांनी दाबून फोडतात. फुटलेल्या रोडग्यावर तूप घालतात, ते पदरांमध्ये उतरते. मग तो चुरून त्यावर तुरीचे घट्ट वरण घेतात. सोबत वांग्याची किंवा वांगे-बटाट्याची तिखट रसदार भाजी असते. पंगतीसाठी ही भाजी मोठ्या गंजात केली जाते. हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा व भात हेही पानात असतात. शेवटी रोडग्याचा चुरा, गूळ व तूप एकत्र करून गोड घास खाण्याची पद्धत आहे.

सामाजिक व धार्मिक संदर्भ

विदर्भातील गावांत 'रोडगे आहेत' एवढे सांगितले की सामुदायिक जेवणाचे आमंत्रण समजले जाते. नवस फेडताना मारुतीच्या देवळापुढे, देवीच्या ठाण्यावर किंवा नदीकाठी रोडगे भाजतात. पहिला रोडगा देवापुढे ठेवला जातो व त्यानंतर पंगत बसते. सुगीनंतर शेतात कामकरी, शेजारी व आप्त यांना असे जेवण देण्याचीही प्रथा आहे.

घरातील रोजचा स्वयंपाक परंपरेने स्त्रियांकडे असला, तरी उघड्यावरील रोडग्यांचे भाजणे बहुधा पुरुष मंडळी करतात. गोवऱ्या रचणारा, कणीक मळणारे, रोडगे वळणारे, भाजी सांभाळणारा अशी कामे वाटली जातात. विस्तव तयार होण्याची वाट पाहण्याचा तास हा गप्पांचा तास असतो. सर्व वयाची माणसे विस्तवाभोवती बसतात आणि मुले बघत बघत शिकतात. रोडग्याची कृती लिखित स्वरूपात कमी आढळते, याचे हे एक कारण मानता येईल.

तत्सम पदार्थ

कणकेचा गोळा निखाऱ्यांत भाजण्याची पद्धत भारताच्या मोठ्या भूभागात आढळते. राजस्थानातील बाटी रोडग्यासारखीच गोवऱ्यांवर भाजतात व डाळीबरोबर खातात. माळव्यातील बाफला आधी पाण्यात उकळून मग भाजतात, त्यामुळे तो अधिक मऊ असतो. बिहारमधील लिट्टीत सातूचे सारण असते. खानदेशातील बट्टी शिजवल्यावर तिचे काप करून तुपात किंवा तेलात तळतात. थर हे वैदर्भीय रोडग्याचे वेगळेपण होय.

पानांत गुंडाळून कोंडलेल्या उष्णतेवर शिजवण्याची कल्पना महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील पोपटीतही दिसते. तेथे हिवाळ्यात मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे व कोंबडीचे मांस भरून मडक्याभोवती आग पेटवतात; पाणी किंवा तेल मुळीच घालत नाहीत.

याच तत्त्वाचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे हवाई बेटांवरील 'कालुआ' हे डुकराचे मांस. हवाईयन भाषेत 'लुआ' म्हणजे खड्डा. 'इमू' नावाच्या खड्ड्यात लाकडे पेटवून ज्वालामुखीय दगड तापवतात, त्यांवर केळीचे खुंट व 'टी' नावाच्या झुडपाची पाने पसरतात, मीठ चोळलेले अख्खे डुक्कर ठेवतात आणि ओली पोती व माती यांनी खड्डा बुजवून कित्येक तास तसाच ठेवतात. आज हवाईतील घरांतही बहुधा ओव्हनच वापरला जातो. खांद्याच्या दोन ते तीन किलोच्या तुकड्याला जाडे मीठ व धुराचा अर्क लावून तो केळीच्या पानात व धातूच्या पातळ पत्र्यात घट्ट गुंडाळतात आणि सुमारे १६० अंश सेल्सियसवर चार ते पाच तास ठेवतात. मांस खाण्यास सुरक्षित होण्यापेक्षा ते मऊ होण्यास अधिक काळ लागतो. त्यातील चिवट ऊती विरघळून धागे सुटू लागतात, तेव्हा आतील तापमान ९० अंशांच्या वर गेलेले असते. गव्हाच्या कणकेला एवढ्या काळाची गरज नसते. परंतु राख व पाने, खड्डा व माती, ओव्हन व गुंडाळी या जोड्यांचे काम एकच आहे: धग थेट लागू न देता उष्णता व वाफ कोंडून ठेवणे.

बदलती स्थिती

ट्रॅक्टरचा वापर वाढल्याने बैलजोड्या कमी झाल्या आणि त्यांबरोबर घरच्या गोवऱ्याही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील देशी गोवंशाची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे सहा टक्क्यांनी घटल्याचे नोंदले गेले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे ग्रामीण घरांत गॅस पोहोचला. धुरापासून स्त्रियांच्या डोळ्यांना व फुप्फुसांना मिळालेला आराम हा त्याचा निर्विवाद लाभ आहे. मात्र रोजच्या चुलीसाठी थापल्या जाणाऱ्या गोवऱ्या कमी झाल्याने रोडग्यांसाठी त्या मुद्दाम जमवाव्या किंवा विकत घ्याव्या लागतात. आचारी बोलावून रोडग्यांची पंगत देण्याची पद्धतही रूढ झाली आहे.

ओव्हनमधील रोडग्याला रोडगा म्हणावे की नाही, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. कणीक, थर आणि मंद भाजणी ओव्हनमध्ये टिकून राहतात. गोवऱ्यांचा गंध आणि विस्तवाभोवतीचा सामुदायिक प्रसंग मात्र त्यात उतरत नाही. दुसरीकडे, गावापासून दूर वाढणाऱ्या पिढीला थर देण्याची व धीराने भाजण्याची रीत ओव्हनमुळेच शिकता येते.

सुरक्षितता

रोडगे बहुधा हिवाळ्याच्या अखेरीस व उन्हाळ्यात, म्हणजे शिवारात कडबा, पऱ्हाट्यांचे ढीग व वाळलेले गवत असताना भाजले जातात. राखेखालचे निखारे कित्येक तास जिवंत राहतात व वाऱ्याने पुन्हा फुलतात. जेवण आटोपल्यावर विस्तवावर पाणी ओतून, राख ढवळून पुन्हा पाणी ओतणे व वर माती टाकणे आवश्यक असते. लहान मुलांना राखेच्या जागेपासून दूर ठेवावे. वरून थंड दिसणारी राख आत तापलेली असते.

हे सुद्धा पहा

* पानगे
* दालबाटी
* लिट्टी
* पोपटी
* हुरडा
* यवतमाळ जिल्हा